साठवलेला नाद आणि वीणेचा पहारा



शब्द नित्य की अनित्य, हा वाद आपल्या शास्त्रांत फार जुना आहे. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. आपण उच्चार करतो तेव्हा तो नव्याने जन्मत नाही, केवळ प्रकट होतो. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि क्षणात नाश पावतो. तर्कसंग्रह शिकताना आमच्यापैकी कुणीतरी गुरुजींना विचारीच, "महाराज, याचा कीर्तनाला उपयोग काय?" गुरुजी हसून म्हणत, "पाठ करून ठेवा. वेळ आली की उपयोग कळेल." ती वेळ माझ्या वयाच्या पंचाहत्तरीत आली, आणि तीही एका हरिनाम सप्ताहाच्या बैठकीत.

हकीकत अशी. आमच्या भागात एक वृद्ध मृदंगवादक होते. सारा गाव त्यांना आबा म्हणे. माझ्या कीर्तनाला त्यांनी तीस वर्षे साथ केली. त्यांचा नातू शहरात संगणकावर संगीताचे काम करतो. एकदा सुट्टीत घरी आला असताना त्याने आबांसमोर दोन मायक्रोफोन मांडले आणि दोन दिवस त्यांचा हात मुद्रित केला. सलग ठेका नव्हे, एकेक बोल सुटा. 'ता' हळू, 'ता' मध्यम, 'ता' जोरात, आणि प्रत्येक पुन्हा चार-पाच वेळा. तसाच 'दिं', तसाच 'धा', तसाच कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा. आबा मधेच म्हणत, "अरे, भजन वाजवू दे की! एकच अक्षर किती वेळ गिरवायचे?" पण नातवाच्या प्रेमापोटी ते बसले. पुढे दीड वर्षाने आबा गेले. आता नातवाच्या संगणकात त्यांचा मृदंग आहे. पेटीसारख्या पट्ट्या असलेल्या लहानशा की-बोर्डवर बोट दाबले की आबांचा 'धा' उमटतो.

यंदा सप्ताहाला मृदंगवादक मिळेना. मंडळींनी तोड काढली, "आबांचाच मृदंग आहे की! ठेका लावून ठेवू, सात दिवस वाजत राहील." त्याच सुमारास शहरातल्या एका गृहस्थाने नातवाकडे हा सगळा ध्वनिसंच विकत मागितला, चित्रपटांना आणि जाहिरातींना संगीत देणाऱ्यांना तो पुढे विकायचा होता. तिसरी गोष्ट अशी, की घरात आबांच्या आवाजातल्या जुन्या कॅसेटी निघाल्या. काकड्याच्या वेळी ते विठ्ठलनामाचा गजर करीत, तो कुणीतरी टिपून ठेवला होता. त्यातले 'विठ्ठल' सुटे करून तेही पट्ट्यांवर बसवावे, म्हणजे हव्या त्या चालीत आबांचा गजर होईल, असे नातवाच्या एका मित्राने सुचवले. पोरगा सरळ मनाचा. माझ्याकडे येऊन म्हणाला, "महाराज, यातले काय करावे आणि काय करू नये, ते तुम्ही सांगा."

आधी हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. ज्याची घडण ठाऊक नाही त्याच्यावर निवाडा देऊ नये.

याला सॅम्पलर म्हणतात. एखाद्या वाद्याचा सुटा सुटा आवाज मुद्रित करायचा आणि एकेक आवाज एकेका पट्टीला बांधायचा. पट्टी हळू दाबली तर हळू वाजवलेला बोल, जोरात दाबली तर जोरात वाजवलेला बोल. एकच बोल लागोपाठ आला तर तेच ते मुद्रण पुन्हा लावले की कानाला खोटे वाटते. म्हणून चार-पाच मुद्रणे आळीपाळीने लावतात. आबांकडून एकेक अक्षर गिरवून घेतले ते यासाठी. सुरांच्या वाद्याचे असेल तर एका सुराचे मुद्रण वेगाने किंवा संथ फिरवून शेजारचे सूर काढतात, आणि लांब सूर हवा असेल तर त्याचा मधला भाग पुन्हा पुन्हा फिरवत ठेवतात.

ही युक्ती कालपरवाची नाही. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली एक चुंबकीय फीत असे, आणि फितीवर खऱ्या वादकांनी वाजवलेला एकेक सूर. आठ सेकंद झाले की फीत संपे. वादकांना तेव्हाच धास्ती वाटली होती, की आता आमच्या पोटावर पाय येणार. पुढे १९७९ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे फेअरलाइट नावाचे संगणकी वाद्य आले. कुठलाही आवाज पकडावा आणि पट्ट्यांवर वाजवावा, अशी त्याची रचना होती. किंमत इतकी, की ते मोठमोठ्या संगीतकारांनाच परवडे. आता तेच काम आबांच्या नातवाचा साधा लॅपटॉप करतो.

जुन्या वळणाचे काही जण म्हणतील, हे परके आहे, म्हणून बाजूला ठेवा. हे म्हणणे मला पटत नाही. ज्या पेटीवाचून आज आपले कीर्तन उभे राहत नाही, ती पेटी युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, कारण तिला मींड येत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. ती बंदी १९७१ पर्यंत राहिली. गावोगावच्या भजनी मंडळांनी ती मनावर घेतली नाही. पेटीने त्यांच्या गळ्यांना आधार दिला, आणि पांडुरंगाने तिची जात विचारली नाही. तेव्हा वस्तू नवी आहे एवढ्यावरून ती टाकू नये, आणि नवी आहे एवढ्यावरून डोक्यावरही घेऊ नये. तिच्याकडून कुणाचे काय घेतले जाते आणि कुणाच्या जागी तिला बसवले जाते, ते पाहावे.

आता नैयायिकांकडे वळू. ते म्हणतात, भेरीवर आघात झाला की तिथे पहिला शब्द उत्पन्न होतो. तो दुसऱ्याला जन्म देऊन नष्ट होतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यात खडा टाकला की लाटेतून लाट निघत काठाला येते तसा. याला वीचीतरंगन्याय म्हणतात. म्हणजे आपल्या कानाशी येतो तो मूळ आघाताचा शब्द नव्हेच. तो त्याच्या वंशातला आहे. मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसलेली आजीबाई आबांचा मृदंग ऐकत होती तेव्हाही ती वंशजच ऐकत होती. मग मायक्रोफोनमधून संगणकात गेलेला आणि वर्षांनंतर कर्ण्यातून निघालेला 'धा' कोण? तोही वंशजच, फार दूरचा. तो आबा नव्हे, हे खरे. पण तो बेवारसही नव्हे. त्याला गोत्र आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे विक्रीच्या प्रश्नाचे उत्तर इथूनच निघते. म्हणून ते आधी घेतो.

अमेरिकेतली एक घडलेली गोष्ट सांगतो. १९६९ साली वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' नावाच्या वाद्यवृंदाने एक तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची नुसती वाद्यांवरची धून होती, चर्चमधल्या भजनाच्या चालीवर बेतलेली. तिच्यात एके ठिकाणी बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन नावाचा वादक चार आवर्तने एकटा ढोल वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. पुढे सॅम्पलर आले तेव्हा लोकांनी तो तुकडा उचलला, त्यातला एकेक ठोका सुटा केला, उलटसुलट जोडला, वेग वाढवला. हजारो गाण्यांत कोलमनचा हात वाजला. इंग्लंडात तर त्या ठोक्यांवर संगीताचे नवे पंथ उभे राहिले. कोलमनला त्यातली एक दमडी मिळाली नाही. २००६ साली तो विपन्नावस्थेत वारला. २०१५ साली इंग्लंडमधल्या काही जणांना लाज वाटली. त्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड त्या वृंदाच्या प्रमुखाला, रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. पण ज्याच्या हाताचे ते ठोके होते तो ते घ्यायला नव्हता.

सज्जनहो, हे पाप ध्वनी साठवण्याचे नव्हे, गोत्र पुसण्याचे आहे. आपल्या संप्रदायात याला फार सुंदर तोड आहे, ती म्हणजे अभंगाची मुद्रा. अभंग शेकडो वर्षे हजारो तोंडांनी गायला जातो. चाल बदलते, गळा बदलतो, गाव बदलते. पण शेवटी संताची नाममुद्रा येते, आणि ती कुणी गाळत नाही. कीर्तनकार कितीही मोठा असो, तो 'हे माझे' असे म्हणू शकत नाही. अभंग सर्वांचा आहे, पण कुणाचा आहे ते प्रत्येक वेळी सांगितले जाते. या दोन गोष्टींत विरोध नाही हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

तोच नियम आबांच्या बोलांना लावायचा. मी नातवाला म्हणालो, "बाळा, आबांनी तुला बोल दिले ते शिकायला दिले. ते बाजारात न्यायचे असतील तर घरातल्या सर्वांना, विशेषतः आजीला, आधी विचार. आणि जिथे जिथे ते बोल जातील तिथे त्यांचे नाव, गाव आणि कोणाच्या हाताखाली ते शिकले त्यांचेही नाव गेले पाहिजे. मिळकतीत आजीचा वाटा पहिला." आपल्या देशाचा कायदाही आता याच बाजूचा आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क मानले जातात, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव सांगितले जावे व आपल्या कलेचा विपर्यास होऊ नये, हा हक्कही कलावंताला मिळाला. पण कायदा नसता तरी ऋण ऋणच असते. नातवाने ही अट त्या गृहस्थांना कळवली. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

आता तिसरा प्रश्न, आबांच्या आवाजातल्या 'विठ्ठल' नामाचा. बोल घेतले तर चालतात, मग आवाज का नाही?

तर्कसंग्रहात शब्दाचे दोन प्रकार सांगितले आहेत. भेरी वगैरे वाद्यांचा तो ध्वन्यात्मक, आणि भाषेतला तो वर्णात्मक. मृदंगाचा 'धा' ध्वन्यात्मक आहे. तो कुणाला हाक मारीत नाही, कुणाला वचन देत नाही. तो सुटा करून दुसरीकडे जोडला तर त्याचा अर्थ बिघडत नाही, कारण त्याला तसा अर्थच नाही. पण पहाटे काकड्याला थंडीत उभे राहून एका माणसाने 'विठ्ठल' म्हटले, ते वर्णात्मक आहे. त्याला बोलणारा आहे, ज्याला बोलावले तो आहे, आणि त्या पहाटे त्याच्या मनात काय होते तेही त्यात आहे. ते कापून आपल्या चालीत बसवले की निघेल काय? आबांच्या गळ्यातून नाम निघेल, पण ते आबांनी घेतलेले नसेल. नातूही ते घेत नसेल. तो पट्टी दाबत असेल. म्हणजे नाम आहे, पण नाम घेणारा कुणीच नाही.

याचाही दाखला आपल्या घरात आहे. संतांच्या गाथांत मागाहून कुणीतरी रचलेले अभंग संतांच्या मुद्रेने घातले गेले. अभ्यासक त्यांना प्रक्षिप्त म्हणतात. घालणारे सगळे वाईट हेतूचे होते असे नाही. कित्येकांनी भक्तीनेच घातले असतील. तरीही, जे ते बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालणे हा दोष राहतोच. मृताच्या आवाजाचे पट्टीवाद्य करून त्याच्याकडून नवा गजर करवणे हे ध्वनीतले प्रक्षेपण आहे. मुद्रा पुसणे हा जसा अन्याय, तशीच जिथे नसावी तिथे मुद्रा ठोकणे हाही अन्यायच.

कुणी म्हणेल, घरच्यांनी परवानगी दिली तर? २०२४ साली ए. आर. रहमान यांनी एका तमिळ चित्रपटातल्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज संगणकाच्या साहाय्याने पुन्हा उभे केले. त्यांनी कुटुंबीयांची संमती घेतल्याचे आणि मानधन दिल्याचे जाहीरपणे सांगितले. उघडपणे, विचारून आणि मोबदला देऊन केले, हे चांगले झाले. जपानमध्ये २००७ साली हात्सुने मिकू नावाचा संगणकी गाणारा आवाज निघाला. तो साकी फुजिता या जिवंत कलावंत स्त्रीने त्याच कामासाठी जाणूनबुजून दिला होता. गाणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या बाबतीत व्यवसायाचे नियम लागतील. पण आबा काकड्याला गात होते ते गायक म्हणून नव्हे. तो गजर त्यांनी देवाला दिला होता. वारसाहक्काने जमीन मिळते, मृदंग मिळतो. आजोबांनी देवाला दिलेले नाम मिळत नाही, मग ते आपण दुसऱ्याला कसे देणार?

याचा अर्थ कॅसेट पुरून टाका असा नाही. नवविधा भक्तीत पहिली श्रवण आणि दुसरी कीर्तन. मुद्रण श्रवणाच्या कामाला येते. अंथरुणाला खिळलेली माउली रेडिओवर, मोबाइलवर हरिपाठ ऐकते आणि तिचे डोळे भरतात, ते श्रवण पूर्ण आहे. आबांचा गजर आहे तसा, सलग, खोकल्यासकट ऐकावा. त्यांच्या आजीने तो तसाच ऐकला.

राहिला पहिला प्रश्न, सप्ताहात यंत्राचा ठेका लावून ठेवण्याचा. इथे आधी एक भेद करू. नातू की-बोर्डपुढे बसून स्वतःच्या बोटांनी आबांचे बोल वाजवणार असेल, तर मला हरकत दिसत नाही. मृदंगही लाकूड आणि चामडेच. मेलेल्या जनावराची कातडी वाजवताना आपण कधी अडखळलो नाही. हात जिवंत असला की वाद्य सेवेत येते. परदेशात राहणारी आपली मंडळी आषाढीला भजन करतात. तिथे पुडी फाटली तर ती बसवून देणारा मिळत नाही. त्यांनी असे वाद्य हाताने वाजवले तर मी त्याला भजनच म्हणेन.

पण मंडळींना हे नको होते. त्यांना एकदा कळ दाबून मोकळे व्हायचे होते. संगणक तेच आवर्तन फिरवीत राहणार आणि 'अखंड' सप्ताह खरोखरच अखंड होणार, असा त्यांचा हिशेब.

मी त्यांना विचारले, "मग वीणाही मुद्रित करून लावायची का?" सगळे गप्प झाले.

सप्ताह उभा राहिला की वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, हे आपण सारे जाणतो. रात्री दोनला, तीनला, मंडपात कुत्रेसुद्धा जागे नसते तेव्हा कुणीतरी शेतकरी दिवसभर राबलेल्या पायांवर गळ्यात वीणा घेऊन उभा असतो. त्याचा स्वर लागलेला असेलच असे नाही. डोळे मिटत असतात. पहारा बदलायला दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. या अखंडाची गंमत पाहा. उभा राहणारा प्रत्येक माणूस खंडित आहे. त्याला झोप येते, भूक लागते, पाय दुखतात. तो दोन-तीन तासांच्या वर टिकत नाही. म्हणूनच त्याला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. अखंडता निर्माण होते ती या हस्तांतरातून. यंत्र न थकता वाजेल, पण जे थकतच नाही त्याने पहारा दिला असे म्हणता येत नाही. दिवा पहारा देत नाही, तो जळतो. आणि यंत्राला दुसऱ्याची गरज नसल्याने गावातही कुणाला कुणाची गरज उरत नाही. सात दिवस ठेका चुकणार नाही, आणि आठव्या दिवशी गावात वाजवणारा एकही नसेल.

आबांच्या साथीतली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. चरित्र सांगताना एखाद्या करुण जागी माझा शब्द अडला, तर ते डावा हात पुडीवर नुसता ठेवीत. वाजवीत नसत, उचलीतही नसत. ती शांतता त्यांनी दोन दिवसांच्या मुद्रणात दिली नाही, कारण ती सुट्या बोलांत येतच नाही. समोर माणूस अडला तरच ती निघते.

शेवटी असे ठरले, की आबांचाच मृदंग खुंटीवरून काढायचा, नवी पुडी चढवायची, आणि गावातल्या ज्या दोन मुलांना भजनी ठेका जेमतेम येतो त्यांनी आळीपाळीने बसायचे. दुपारच्या विश्रांतीत नातवाने संगणकातले बोल त्यांना एकेक करून ऐकवायचे, म्हणजे 'दिं' कसा सुटला पाहिजे ते कानाला कळेल. आबांनी ते दिले होते शिकायलाच. मुलांचा हात कच्चा होता, लय पुढे-मागे झाली. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतली. टाळकरी असतात कशाला?

जाता जाता एक विनंती. पुष्कळ गावांत जुन्या विणेकऱ्यांच्या, मृदंगवादकांच्या, काकडा म्हणणाऱ्या आजोबा-आजींच्या कॅसेटी पेट्यांत पडून आहेत. बुरशी लागण्याआधी त्या नव्या साधनांत उतरवून घ्या. मात्र प्रत्येकीवर तीन गोष्टी लिहून ठेवा: हा आवाज कोणाचा, केव्हाचा, आणि त्याने तो कशासाठी दिला. जे आज हयात आहेत त्यांना समक्ष विचारा, "तुमच्यामागे याचे काय करावे?" उत्तर तेच देऊ शकतील. आणि कुणी तुमच्यापुढे मायक्रोफोन मांडला, तर बोल द्या, मन भरून द्या. पण पहाटेचा पहारा आपल्या अंगावर ठेवा.

रामकृष्ण हरी.